फुकटात बनवलेला क्यूआर कोड पंधरा दिवसांत बंद का पडला?

मालवणकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरगुती लोणची, आमसुलं आणि मसाल्यांचा त्यांचा छोटा व्यवसाय. इंटरनेटवर 'फ्री' असं ठळक लिहिलेल्या एका ठिकाणी त्यांनी क्यूआर कोड बनवला आणि २००० लेबलांवर छापून घेतला. पंधरा दिवस नीट चालला. आता गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा 'हा कोड बंद आहे, चालू ठेवण्यासाठी प्लॅन घ्या' अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी येतं. त्या विचारतात, कोड खरंच फुकट बनवता येतो का, येत असेल तर कसा, छापलेल्या लेबलांचं काय करू, आणि जाता जाता, पैसे घ्यायचा कोडही लेबलवरच टाकू का?

ताई, मी बावीस वर्षं डीटीपी आणि छपाईच्या धंद्यात आहे. गेल्या काही वर्षांत हीच तक्रार घेऊन इतके जण दुकानात आलेत की आता कोणी 'माझा कोड बंद पडला' म्हणालं की मी आधी खुर्ची पुढे करतो.

तुमचा कोड बंद पडलेला नाही. कोड म्हणजे कागदावरची शाई, ती कोण बंद करणार? बंद झालाय तो मधला माणूस. पूर्वी मुंबईतल्या चाकरमान्याला पत्र घालताना पाकिटावर 'मार्फत अमुक अमुक' लिहायचे ना, तसं तुमच्या लेबलवर झालंय. तुम्हाला वाटलं कोडात तुमचा पत्ता आहे. प्रत्यक्षात त्यात त्या कंपनीचा पत्ता आहे, 'मार्फत' म्हणून. गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात जातं, ते त्याला तुमच्याकडे पाठवतात. चाचणीची मुदत संपली आणि त्यांनी पुढे पाठवणं थांबवलं, एवढंच.

खात्री करायची तर फोनचा कॅमेरा लेबलवर धरा, पण लगेच टिचकी मारू नका. कोडावर जो पत्ता तरंगतो तो वाचा. तिथं तुम्ही टाकलेलं काहीच दिसत नसेल, अनोळखी नाव आणि पुढे पाचसात अर्थहीन अक्षरं दिसत असतील, तर तो 'मार्फत'वाला कोड. धंद्यात त्याला डायनॅमिक म्हणतात. ज्यात थेट तुमचाच मजकूर असतो तो स्टॅटिक.

डायनॅमिक म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणणार नाही. किती लोकांनी स्कॅन केलं ते मोजता येतं, आणि छापून झाल्यावरही मागचं ठिकाण बदलता येतं. मोठ्या जाहिरातवाल्यांना ते हवं असतं आणि ते त्याचे पैसे मोजतात. माझा राग आहे तो 'फ्री' या शब्दावर. चित्र उतरवून घेणं फ्री आणि ते चालू राहणं विकत, हे बारीक अक्षरांत लिहायचं आणि हिरवं बटण मोठं ठेवायचं, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

कोड बनवण्याचे पैसे कोणी मागायचं मुळात कारणच नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला ही पद्धत काढली. पेटंट घेतलं, पण कोणी कोड बनवला म्हणून त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. २००० साली ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यामुळे कोड काढायची रीत सगळ्यांना उघडी आहे आणि ती वापरणारी फुकट साधनं पुष्कळ आहेत. कोणतं साधन घ्यायचं ही नंतरची गोष्ट. आधी हे ठरवा की कोडात लिहायचं काय. सगळं तिथंच अडतं.

आता हे परिस्थितीवर आहे. तुमचं मुख्य काम ऑर्डर घेणं असेल आणि व्हॉट्सॲपचा नंबर पक्का असेल, तर मी डोळे झाकून व्हॉट्सॲपचा छोटा पत्ता टाकेन. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह नाही की मोकळी जागा नाही. स्कॅन केलं की थेट तुमच्याशी बोलायची खिडकी उघडते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार कोडही मिळतो, पण त्यात 'रीसेट' नावाचं बटण आहे. ते चुकून दाबलं की जुना कोड मेला. घरात चार जण एकच फोन हाताळत असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही.

नंबर बदलण्याची शक्यता असेल, किंवा दरपत्रक, पाककृती असं काही दाखवायचं असेल, तर गूगल ड्राइव्हवर पीडीएफ ठेवा आणि तिचा दुवा कोडात टाका. इथं दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, फाईल 'दुवा असलेल्या कोणालाही' दिसेल अशी करायला विसरतात. तुमच्या फोनवर ती उघडतेच, कारण फोनमध्ये तुमचंच खातं आहे. गिऱ्हाइकाला मात्र 'परवानगी मागा' असं येतं. म्हणून तपासायचं ते नेहमी दुसऱ्याच्या फोनवर. दुसरं, दर बदलले की जुनी फाईल उडवून नवी चढवतात. नव्या फाईलला नवा दुवा मिळतो आणि छापलेला कोड अनाथ होतो. ड्राइव्हमध्ये त्याच फाईलवर 'मॅनेज व्हर्जन्स' नावाची सोय आहे. तिथून नवी पीडीएफ चढवा, दुवा तोच राहतो. डायनॅमिक कोडाचे जे पैसे मागतात, त्यातलं निम्मं काम हे एवढ्यात होतं.

स्वतःचं संकेतस्थळ असेल तर उत्तमच, पण त्याला दर वर्षी पैसे भरावे लागतात, म्हणजे ते फुकटात मोडत नाही. आणि दुवा लांब दिसतो म्हणून तो आणखी कुठून तरी लहान करून आणू नका. तो पुन्हा 'मार्फत'च. गूगलनंसुद्धा आपली दुवे लहान करायची सेवा २०१८ मध्ये गुंडाळायला घेतली. तिथं इतरांचं काय घेऊन बसलात?

कोडात मजकूर किती घालावा, हेही सांगतो, कारण तुमचं लेबल लहान आहे. सगळ्यात छोटा कोड २१ गुणिले २१ चौकटींचा असतो. मजकूर वाढला की दर पायरीला दोन्ही बाजूंनी चार चार चौकटी वाढतात, शेवटची ४०वी पायरी १७७ गुणिले १७७ची. वर सांगितलेला व्हॉट्सॲपचा पत्ता सुरुवातीच्या एचटीटीपीएस वगैरे धरून बरोबर २६ अक्षरांचा होतो, आणि तो दुसऱ्या पायरीत, म्हणजे २५ गुणिले २५ मध्ये, नेमका बसतो. कोडाभोवती चारही बाजूंनी चार चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडावी लागते, म्हणून एकूण ३३ धरा. तुमच्या लेबलवर दोन सेंटिमीटर जागा मिळाली तर एक चौकट ०.६ मिलिमीटरची पडते. चांगलं माप आहे, साध्या फोनलाही वाचता येतं.

आता उत्साहानं कोणी थेट मराठी मजकूर कोडात भरायचा म्हटलं तर काय होतं बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरांएवढी जागा, खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'लोणचं' या शब्दाचे ल, ओकार, ण, च आणि अनुस्वार असे पाच तुकडे, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत सातात आटोपतो. अशा ७० चिन्हांची दोन वाक्यं लिहिली की कोड ५७ गुणिले ५७ वर जातो. त्याच दोन सेंटिमीटरमध्ये चौकट उरते ०.३ मिलिमीटरची. आमच्या छपाईत शाई जरा पसरली की शेजारच्या दोन चौकटी एक झाल्याच म्हणून समजा. शिवाय काही जुन्या ॲपमध्ये मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतात. मराठी मजकूर पानावर किंवा पीडीएफमध्ये ठेवा, कोडात फक्त पत्ता.

बनवायला मी काय वापरतो? दुकानात कोरलड्रॉ आहे, त्यातच क्यूआरची सोय आहे, पण ते विकतचं. तुम्ही घरी संगणकावर लिब्रेऑफिस टाकून घ्या, ते फुकट आहे. २०२० च्या ६.४ आवृत्तीपासून त्यात 'इन्सर्ट' मेनूत, 'ओएलई ऑब्जेक्ट'च्या खाली, 'क्यूआर अँड बारकोड' असं येतं. पत्ता चिकटवा, कोड तयार. पान पीडीएफ करून ठेवा. इंकस्केप हे चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर येत असेल तर त्यातही होतो, आणि तिथला कोड कितीही मोठा केला तरी कडा फुटत नाहीत. दोन्हींत खातं उघडायला नको, मुदत नाही, तुमचा पत्ता कोणाकडे जात नाही.

घाईच असेल तर संगणकावरच्या क्रोममध्ये पान उघडून मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबा, क्यूआर कोडचा पर्याय दिसतो. व्हॉट्सॲपचा छोटा पत्ता क्रोममध्ये उघडला तर तो वरच्या पट्टीत लांबलचक होऊन बसतो, म्हणून कोडाच्या चौकटीखाली जो पत्ता येतो तो खोडून तिथं आपला छोटा पत्ता लिहायचा. या कोडाच्या मधोमध एक डायनासोर बसलेला असतो. पोरांना आवडतो, लोणच्याच्या बरणीवर मला तो नको वाटतो. कॅनव्हा या डिझाइनच्या संकेतस्थळावरही कोड होतो. कुठंही बनवा, बनवल्यावर वरची कॅमेऱ्याची परीक्षा घ्या: पत्ता तुमचा दिसतोय का? दिसला तर तो कोड बंद करणं कोणाच्या हातात नाही.

साधन तुम्हाला 'एरर करेक्शन' विचारेल. चार पायऱ्या आहेत, एल, एम, क्यू आणि एच. कोडाचा साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता यावा, असा हिशेब. लोक सगळ्यात वरचीच निवडतात, जास्त ते चांगलं म्हणून. पण सुरक्षितता वाढली की चौकटीही वाढतात आणि बारीक होतात. लहान लेबलला एम पुरे. मधे लोगो टाकायचाच असेल तर एच. आणि हे ३० टक्के कुठलेही नव्हेत. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आहेत ना, त्यांच्यावरूनच फोनला कळतं की इथं कोड आहे. त्यातल्या एकावर तेलाचा डाग पडला तर बाकी सगळा कोड लख्ख असून उपयोग नाही. लोणच्यावाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

छपाईचं सांगायचं तर माझीच फजिती सांगतो. एका लग्नपत्रिकेत कार्यालयाचा नकाशा उघडणारा कोड टाकायचा होता. पत्रिका मरून, अक्षरं सोनेरी फॉइलची, म्हणून कोडही सोनेरी फॉइलचाच केला. संगणकावर प्रूफ काळंपांढरं काढलं होतं, ते झटकन वाचलं गेलं. ४०० पत्रिका तयार झाल्यावर पाहिलं तर एकाही फोनला वाचता येईना. पत्रिका एका बाजूनं कलवली की सोनं चमकून पांढरं दिसतं, दुसऱ्या बाजूनं कलवली की मरूनमध्ये मिसळून जातं. शेवटी रात्री बसून आतल्या पानावर पांढरे स्टिकर लावले. मुलीचे वडील सज्जन, पैसे पूर्ण दिले, पण 'पत्रिकेला ठिगळ लावलंत' एवढं म्हणालेच. तेव्हापासून माझ्या दुकानात कोड पांढऱ्या चौकटीत काळाच जातो. फार तर कोकमाचा गडद रंग चालेल. हळदीचा पिवळा नाही, आणि गडद पाठीवर उलटा पांढरा कोडही नाही.

बरणीचा तुमचा आणखी एक प्रश्न आहे, गोलाईचा. कोड बरणीच्या अंगावर गुंडाळला गेला की कडेच्या चौकटी फोनला चेपलेल्या दिसतात. माझं मत विचाराल तर कोड झाकणावर घ्या. सपाट जागा, तेलही कमी लागतं. लॅमिनेशन करायचं तर मॅट, चकचकीत नको.

मापाचा ढोबळ नियम असा की स्कॅन करणारा जितका लांब, त्याच्या दहाव्या भागाएवढा कोड. हातातल्या बरणीला दोन ते अडीच सेंटिमीटर पुरतात. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलमागे फ्लेक्स लावणार असाल आणि लोक टेबलाच्या पलीकडे दोन मीटरवर उभे असतील, तर कोड २० सेंटिमीटरचा हवा. तो फ्लेक्सच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीला टाकू नका. गर्दीत दिसत नाही आणि वाकून कोणी स्कॅन करत नाही.

छापखान्याला फाईल देताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, चित्र दाबलं जातं आणि कडा पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पीडीएफ पाठवा. ऑपरेटरला बजावून सांगा की कोड एका बाजूनं ताणायचा नाही आणि भोवतीची पांढरी जागा खायची नाही. आम्हा लोकांना रिकामी जागा दिसली की तिथं फुलं घालायची खोड असते.

आता तुमची २००० लेबलं. तो छापील कोड वाचवायचा तर एकच मार्ग, त्या कंपनीला पैसे देत राहायचे, कारण कागदावर त्यांचा पत्ता आहे आणि तो फक्त तेच वळवू शकतात. निम्म्याहून जास्त बरण्या विकल्या जाऊन लोकांच्या घरी पोचल्या असतील आणि त्या गिऱ्हाइकांकडून पुन्हा ऑर्डर येण्यावर धंदा असेल, तर एकदोन महिन्यांचे पैसे भरून वेळ मारून न्या. महिन्याचाच प्लॅन घ्या आणि आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. लेबलं अजून गठ्ठ्यातच पडून असतील तर एक रुपयाही देऊ नका. जुन्या कोडावर बसेल असा अडीच सेंटिमीटरचा स्टिकर छापून घ्या. १२ गुणिले १८ इंचांच्या शीटवर कडा सोडून ११ गुणिले १७, म्हणजे १८७ स्टिकर बसतात. ११ शीटमध्ये तुमचं काम होतं, वर ५७ उरतात. कागद अपारदर्शक सांगा, नाहीतर जुना कोड खालून डोकावतो. 'हाफ कट' मारून मागा, म्हणजे वरचा स्टिकर कापलेला आणि मागचा कागद अखंड, म्हणजे एकेक कापत बसावं लागणार नाही. स्टिकरखाली एमआरपी, बॅच, तारीख किंवा एफएसएसएआयचा नंबर झाकला जात नाही ना, ते पाहा. या गोष्टी लेबलवर छापीलच हव्यात, कोडात आहेत म्हणून चालत नाही.

पैशाचा कोड लेबलवर टाकू नका. बरणी घरी गेल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि एका झाकणावर दोन कोड दिसले की माणूस गोंधळतो. यूपीआयचा कोड बँकेनं किंवा ॲपनं दिलाय तसाच स्टॉलवर ठेवा, कुठलंही यूपीआय ॲप तो वाचतं. स्टॉल मांडला की रोज सकाळी तो स्वतः स्कॅन करून तुमचंच नाव येतंय का ते बघा, कारण दुकानदाराच्या कोडावर आपला कोड चिकटवून जाणारे भामटे आहेत. आणि 'ऑर्डरचे पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असं कोणी फोनवर सांगितलं तर फोन ठेवून द्या. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही.

स्टिकरची शीट हातात आली की २००० चिकटवायला बसण्याआधी एकच स्टिकर भरलेल्या बरणीच्या झाकणावर लावा. घरातल्या ट्यूबलाइटखाली आणि अंगणातल्या उन्हात, शेजारच्या कोणाच्या तरी जुन्या, काच तडकलेल्या फोननं स्कॅन करून एक मेसेज टाकायला सांगा. तो तुमच्याच नंबरवर आला की उरलेले लावायला घ्या.